शिंकणाऱ्या बोक्याला घर हवंय

मांजर दत्तक घ्यायला आलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकते : "आधी त्याची सर्दी बरी होऊ दे, मग नेऊ." वाक्य समंजस आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईटही नसतं. पण मांजरांच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळदा उलटा असतो. सर्दी बरी झाली की घर मिळेल असं नसतं; घर मिळालं की सर्दी आटोक्यात येते. आज त्याबद्दलच थोडं बोलणार आहे.

अंधेरीच्या बाजूला प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मी रविवारी मदतीला जाते. तिथे अडीचेक वर्षांचा एक तांबूस बोका आहे. कुणी खाली बसलं की तो मांडीवर चढतो, हनुवटीखाली खाजवलं की डोळे मिटून घुरघुरतो. मुलांनी शेपटी ओढली तरी नख काढत नाही. असा प्राणी खरं तर आठवड्याभरात कुणीतरी न्यायला हवा. पण तो शिंकतो. नाकाला ओल, एका डोळ्याला पाणी. बघायला आलेली मंडळी त्याला कुरवाळतात, मग हात पुसतात आणि शेजारच्या पिंजऱ्यातलं पिल्लू पसंत करतात.

ही सर्दी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात. एक हर्पिस जातीचा, दुसरा कॅलिसी नावाचा. हे दोन्ही मांजरांचे स्वतःचे विषाणू आहेत. माणसाला होणाऱ्या सर्दीशी किंवा फ्लूशी त्यांचा संबंध नाही. हर्पिसने नाक वाहतं, डोळे येतात. कॅलिसीने जिभेवर फोड येतात, लाळ गळते आणि खाणं अवघड होतं.

यातला हर्पिस मोठा चिवट. एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि बहुधा जन्मभर तिथेच राहतो. एरवी निजलेला असतो. मांजराच्या जिवाला ताण आला की साधारण आठवड्याभरात पुन्हा डोकं वर काढतो आणि पुढे आठवडा-दोन आठवडे शिंका चालू राहतात. आता तुम्ही म्हणाल, मांजराला कसला आलाय ताण? त्याला स्वतःची ठरलेली जागा, ठरलेले वास आणि शांतता लागते. निवाऱ्यात यातलं काहीच नसतं. शेजारी कुत्री भुंकतात, रोज नवी मांजरं येतात, पिंजरे बदलतात. माणसं कितीही मायेची असली तरी निवारा तो निवाराच. शिवाय कॅलिसीचा विषाणू भांड्यांवर, फडक्यांवर बरेच दिवस टिकतो. म्हणजे बोका शिंकतो म्हणून तिथे राहतो आणि तिथे राहतो म्हणून शिंकतो. हे चक्र तोडायला गोळ्या-औषधं पुरत नाहीत. एखादा शांत कोपरा लागतो, आणि तो घरातच मिळतो.

आता शंकांकडे वळू. पहिली, घरात लहान मूल आहे, त्याला सर्दी लागेल का? हे दोन विषाणू माणसाला लागत नाहीत, कुत्र्यालाही नाही. मात्र कधीकधी डोळे येण्यामागे एक जंतू असतो, तो क्वचित माणसाच्या डोळ्याला त्रास देऊ शकतो. म्हणून मांजराचे डोळे पुसल्यावर हात साबणाने धुवावेत. एवढी काळजी पुरते.

दुसरी शंका जास्त खरी आहे. घरात आधीच एक मांजर असेल तर? त्याला मात्र ही सर्दी लागू शकते. लस असते. पिल्लांना साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती देतात. लसीमुळे आजार सौम्य होतो, संसर्ग पूर्ण टळत नाही. म्हणून नव्या पाहुण्याला काही आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावं लागतं. वन रूम किचनमध्ये हे जमणं कठीण. अशा घराला आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. शिंकणाऱ्या बोक्याला दुसरं मांजर नसलेलं घर सगळ्यात उत्तम.

तिसरी शंका उपनगरात हमखास निघते, विशेषतः मुलुंड, घाटकोपरच्या शाकाहारी घरांतून. मांजर दूध-पोळीवर राहील का? नाही राहणार. मांजर मुळातच मांसाहारी आहे. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य त्याला बाहेरूनच घ्यावं लागतं. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. ज्यांना घरात मासे शिजवायचे नाहीत त्यांना पाकिटातला कोरडा खाऊ चालू शकतो. पण त्यातही मांस असतंच, हे नेण्याआधी सांगायला हवं.

घरी आणल्यावर करायचं काय? पहिली गोष्ट, नवं घर हाही सुरुवातीला ताणच असतो. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात शिंका वाढू शकतात. घाबरून परत आणू नये. एका खोलीत जुनी चादर, पाणी, मातीचा ट्रे आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका द्यावा. मांजर वासावर जेवतं, आणि नाक बंद असलं की त्याची भूक मरते. म्हणून खाणं कोमट करून द्यावं. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला, काटे काढलेला मासा किंवा चिकन चालेल. गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये त्याला दहा मिनिटं आपल्याजवळ बसवलं की नाक मोकळं होतं. नाक-डोळे कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसावेत.

आणि एक इशारा, तो कृपा करून लक्षात ठेवा. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. आपल्या तापाची ही साधी गोळी मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाही. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. बाम, कापूर, निलगिरीचं तेल हेही लावू नये. मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, तोंड उघडून श्वास घेतला, डोळा मिटूनच ठेवला, किंवा नाकातून पिवळा-हिरवा स्राव येऊ लागला, तर थेट डॉक्टर गाठावा. उपाशी मांजराच्या यकृतावर काही दिवसांतच चरबी चढते आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं. उपनगरात आता पशुवैद्य बऱ्याच ठिकाणी आहेत. परळचं बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालय, जुन्या मुंबईकरांचं 'बैलघोडा हॉस्पिटल', तर आहेच.

आता घर शोधणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्दी लपवून मांजर दिलं तर ते पंधरा दिवसांत परत येतं आणि जास्तच आजारी पडतं. म्हणून आमच्या बोक्याच्या कागदावर आम्ही सरळ लिहिलं आहे : "तांबूस बोका, वय अंदाजे अडीच वर्षं. नसबंदी आणि लसीकरण झालेलं. मांडीवर बसायची सवय. जुनी सर्दी आहे, ताण आला की शिंकतो. घरात दुसरं मांजर नको." असा कागद सोसायटीच्या फलकावर लावावा, ओळखीच्या डॉक्टरकडे ठेवावा. वर्ल्ड फॉर ऑल या संस्थेने वांद्र्यात भरवले तसे दत्तक मेळावेही उपयोगी पडतात. मांजर देण्याआधी घर पाहून यावं. खिडक्यांना जाळी आहे का, हे आधी पाहावं. आपल्या इमारतींतल्या ग्रिलच्या गजांमधून मांजर सहज बाहेर पडतं. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का, गावी जाताना मांजर कुणाकडे राहील, हेही विचारावं. "नाहीच जमलं तर खाली कंपाउंडमध्ये सोडू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबावं. पाळलेला प्राणी विनाकारण वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सर्दीवाल्या मांजराचा संसार काही फार वेगळा नसतो. वर्षातून चार-दोन वेळा शिंका येतील, कधी डोळ्यात थेंब घालावे लागतील, डॉक्टरचा थोडा खर्च होईल. बाकी दिवस ते दारात वाट बघेल आणि पेपर उघडला की त्यावर येऊन बसेल. तेव्हा मांजर आणायचं मनात असेल तर निवाऱ्यात गेल्यावर गुटगुटीत पिल्लाकडे जरूर बघा. पण तिथल्या माणसाला एवढंही विचारा, "इथे सगळ्यात जास्त दिवस कोण थांबलंय?" बहुतेक वेळा तो तुम्हाला एका शिंकणाऱ्या मांजरापाशीच घेऊन जाईल.