ड्रायव्हरने केला माझा पोपट!

शनिवारची सकाळ, पावणेसात. एका कंपनीचा कॉर्पोरेट गोल्फ डे. चौघांच्या ग्रुपमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून मला बोलावलेलं. बाकीचे तिघं त्याच कंपनीतले. त्यातले एक कम्युनिकेशन हेड, आणि त्यांच्याकडून वर्षभराचं लिखाणाचं काम मिळण्याची शक्यता. वर्षभराचं काम म्हणजे काय चीज असते, ते कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा!

तर इम्प्रेशन मारायचं म्हणून पहिल्या टीवर मी टेचात ड्रायव्हर काढला. दोन प्रॅक्टिस स्विंग, एकदम स्टायलिश. मग जीव खाऊन हाणला. चेंडू थोडा वेळ सरळ गेला आणि मग विळ्यासारखा वळत उजवीकडच्या बाभळीत घुसला. दुसराही तिथेच. तिसरा टीवरून नुसता घरंगळला. मागे पंचवीस-तीस माणसं चहाचे कप घेऊन उभी. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.

गंमत म्हणजे सत्तर-ऐंशी यार्डांवरून वेज हातात घेतली की माझे फटके झक्कास पडत होते. नऊ नंबर बरा, सात नंबर चालेल, पाच नंबर देवाचं नाव घेऊन. त्यापुढचे लाँग आयर्न, वूड आणि ड्रायव्हर म्हणजे नुसतं टेन्शन. हे फक्त माझं दुखणं नाही बरं का. वीकेंडला कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर जा, निम्मी पब्लिक ड्रायव्हरशीच भांडत असते.

त्यानंतरचे पाच रविवार मी पुण्यातल्या एका रेंजवर मामांकडे शिकायला गेले. मामा पूर्वी कॅडी होते, आता शिकवतात. माझे दहा फटके त्यांनी गप्प उभं राहून पाहिले.

‘‘ताई, ताकद कमी पडते असं वाटतं ना तुम्हाला?’’

‘‘हो ना मामा.’’

‘‘जास्त पडतीये.’’

चूक तीच, शिक्षा मोठी

मामांचा फंडा साधा आहे. वेज मारताना मी चुकत नाही असं नाही. तेवढीच चुकते, फक्त वेज ते झाकून घेते. ड्रायव्हर चारचौघांत सांगतो.

आता जरा गणित. वेजचा दांडा साधारण ३५ इंचांचा, ड्रायव्हरचा ४५च्या आसपास. दांडा लांब की क्लबचं डोकं तुमच्यापासून दूर, वेग जास्त, आणि फेसच्या बरोबर मधोमध चेंडू लागणं तेवढं अवघड. क्लब आणि चेंडूची गाठभेट असते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. त्या क्षणी फेस तीन अंशांनी उघडा राहिला, तर ८० यार्डांवर चेंडू चारेक यार्ड चुकतो. २०० यार्डांवर दहा. आणि ही झाली नुसती दिशा. खरी गडबड करते ती फिरकी.

पिचिंग वेजचा फेस ४५ अंशांच्या आसपास मागे कललेला असतो. त्यामुळे चेंडू मागच्या बाजूला गरागरा फिरत उडतो. प्रो खेळाडूंच्या फटक्यात मिनिटाला ९,००० हून जास्त फेरे. ड्रायव्हरचा फेस मात्र जेमतेम १०-११ अंशांचा, जवळजवळ उभी भिंतच. फेरे अडीच-पावणेतीन हजार. फेस उघडा राहिला की या फिरकीचा आस एका बाजूला कलतो. वेजच्या जोरदार उलट्या फिरकीत तो किंचितच कलतो. ड्रायव्हरवर उलटी फिरकी मुळातच कमी, म्हणून तेवढ्याच चुकीने आस चांगलाच तिरका होतो आणि चेंडू उजवीकडे पळत सुटतो. यालाच स्लाइस म्हणतात. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) आणि आपण काय करतो? पुढच्या वेळी आणखी जोरात मारतो. म्हणजे आणखी लांब, पण बाभळीतच.

उचलायचा मोह

लाँग आयर्नची तऱ्हा वेगळी. तीन नंबरचा लॉफ्ट २० अंशांच्या आसपास, डोकं पातळ, चेंडू जमिनीवर. तो पुरेसा उंच उडवायला स्विंगला वेग लागतो, आणि तो आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांकडे नसतो. म्हणून चार, पाच आणि सहा नंबर एकाच ठिकाणी जाऊन पडतात. मग वाटतं, जरा उचलून मारू. वजन मागच्या पायावर राहतं, क्लब आधी जमिनीत घुसतो नाहीतर चेंडूच्या डोक्यावर आपटतो. ‘‘गल्लीत सिक्सर मारून मोठी झालेली पोरं सगळी अशीच,’’ मामा म्हणाले. जमिनीवरून तीन नंबरचं वूड मारतानाही हेच होतं. उचलायचं काम लॉफ्टचं, आपण नुसतं चेंडूतून पुढे जायचं.

त्यात क्लबवरच्या आकड्यांवरही विसंबू नका! लांब गेल्यासारखं वाटावं म्हणून कंपन्यांनी वर्षानुवर्षं लॉफ्ट कमी करत आणले. आज अनेक सेटमधला सात नंबर जुन्या पाच नंबरच्या जवळपास असतो. म्हणजे आजचा ‘चार नंबर’ नक्की काय असेल, विचार करा.

प्रोसुद्धा या क्लबना वचकून असतात. १९७५मध्ये खेळताना ज्याच्यावर वीज पडली, तो ली ट्रेव्हिनो नंतर गमतीने सांगायचा, की वादळात एक नंबरचं आयर्न वर धरावं, कारण ते देवालाही मारता येत नाही. आणि २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने टायगर वूड्सला हरवताना शेवटच्या होलवर दोनशेहून जास्त यार्डांवरून काय काढलं? हायब्रिड. आयर्न आणि वूडच्या मधलं पोर. वजन खाली आणि मागे, त्यामुळे चेंडू आपणहून वर जातो.

मामांनी माझ्या सेटमधले तीन आणि चार नंबर काढून ठेवले. तीन लेखांचं मानधन घालून घेतलेला सेकंडहँड सेट हो तो! जीव तुटला. त्या जागी एक जुनं हायब्रिड आलं. ड्रायव्हरसाठी मामांच्या सूचना तीनच: चेंडू डाव्या टाचेसमोर, टीवर इतका उंच की अर्धा क्लबच्या वर दिसेल, आणि वेग पाऊणच. जमिनीवरचा चेंडू आयर्नने वरून खाली मारायचा, टीवरचा ड्रायव्हरने किंचित वर जाताना. पाच रविवारांत दहातले चार सरळ जायला लागले.

दोन महिन्यांनी त्याच कंपनीचं पुन्हा बोलावणं आलं. तोच कोर्स, तोच चहा, तेच हेड. मी हायब्रिड काढलं. ‘‘टीवर हे?’’ मागून कुणीतरी म्हणालंच. चेंडू १४० यार्ड गेला. फार नाही, पण फेअरवेच्या मधोमध. मग सहा फुटी हेडसाहेबांनी ड्रायव्हर उगारला आणि चेंडू थेट माझ्या जुन्या बाभळीत.

चौथ्या होलला ते हळूच जवळ आले. ‘‘जरा तुमचं ते छोटं दाखवा ना.’’ दहावा होल संपला तरी माझं हायब्रिड त्यांच्याच बॅगेत होतं.