छोटा ट्रॅक्टर काम करता करता बंद पडल्यास काय तपासावे?

द्राक्ष, डाळिंब यांसारख्या बागांमध्ये फवारणी व आंतरमशागतीसाठी १५ ते २५ अश्वशक्तीचे छोटे डिझेल ट्रॅक्टर वापरले जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवडा रोगाच्या नियंत्रणासाठी द्राक्षबागेत वेळेवर फवारणी करावी लागते. नेमका अशा वेळी ट्रॅक्टर ओळीच्या मध्यावर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही, तर मेकॅनिक येईपर्यंत दिवस वाया जातो. रोग मात्र तेवढा वेळ थांबत नाही. अशा वेळी घाईने सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि मूळ दोष तसाच राहतो. बंद पडण्याची अनेक कारणे साधी असतात. क्रमाने तपासणी केल्यास ती शेतावरच दूर करता येतात.

इंजिनाची गरज

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा जोराने दाबली की ती तापते व त्या तापलेल्या हवेत नोझलमधून उडालेला डिझेलचा फवारा पेट घेतो. म्हणजेच इंजिनाला स्वच्छ हवा, पुरेसा दाब आणि हवा व पाणी न मिसळलेले डिझेल या तीन गोष्टी लागतात. चांगले चालणारे इंजिन कामातच बंद पडले व सेल्फ जोरात फिरत असेल, तर दोष बहुधा डिझेलच्या मार्गात असतो.

तपासणीपूर्वी पी.टी.ओ. बंद करावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, हॅन्डब्रेक ओढावा व चाकाखाली दगड लावावा.

ट्रॅक्टर कसा बंद पडला?

१) ताकद कमी होत, अडखळत बंद पडला : फिल्टर तुंबणे, मार्गात हवा शिरणे किंवा डिझेल संपणे.

२) एकदम बंद पडला : स्टॉपरची केबल अडकणे, फ्यूज जाणे किंवा डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉईडचा वीजपुरवठा तुटणे. काही ट्रॅक्टरमध्ये आसनाखाली व पी.टी.ओ.जवळ सुरक्षा स्विच असतात. त्यांची वायर निघाली तरी इंजिन बंद होते.

३) गरम होऊन, जड होत बंद पडला : सेल्फ अजिबात मारू नये. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरमधील पाणी, फॅन बेल्ट व ऑईल पाहावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. ऑईल कमी असल्यास, त्यात पाणी दिसल्यास किंवा इंजिनातून खडखड आवाज आला असल्यास मेकॅनिकशिवाय इंजिन फिरवू नये.

धूर काय सांगतो?

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहण्यास एका माणसास सांगावे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. सेल्फ हळू फिरणे, ग्लो प्लग न तापणे, डिझेलमध्ये पाणी असणे किंवा दाब कमी असणे ही त्याची कारणे होत. काळा धूर येत असल्यास प्रथम एअर क्लीनर तपासावा.

डिझेल मार्गाची तपासणी

१) टाकीत डिझेल किती आहे हे काट्यावर न विसंबता प्रत्यक्ष पाहावे. उतारावर तळाशी थोडेच डिझेल असल्यास ते एका बाजूला जाते व पाईप हवा ओढतो.

२) टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र पाहावे. ते धूळ व औषधाच्या थराने बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होते व डिझेल खाली येत नाही. अर्धा-पाऊण तास चालून बंद पडणारा आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होणारा ट्रॅक्टर असेल, तर हा दोष आधी पाहावा. झाकण उघडताना 'सूं' असा हवा आत जाण्याचा आवाज येतो, ही त्याची खूण.

३) टाकीचा कॉक उघडा आहे का ते पाहून फिल्टरकडे जाणारा पाईप सोडावा. डिझेल सलग न येता थेंब थेंब येत असल्यास कॉक किंवा टाकीतील जाळी तुंबलेली असते. मात्र टाकी फिल्टरपेक्षा खाली असल्यास डिझेल आपोआप येणार नाही. तेथे फीड पंपाचा हातपंप मारून पाहावे.

४) फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन १० ते १५ मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. पाणी आढळल्यास टाकी व फिल्टर दोन्ही रिकामे करून स्वच्छ करावेत. कागदी फिल्टर धुवून न वापरता नवा बसवावा.

हवा काढण्याची पद्धत

डिझेल संपल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर मार्गात हवा शिरते. हवा दाबली जाते, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. हवा काढताना टाकीकडून नोझलकडे असाच क्रम ठेवावा.

प्रथम फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रूची हवा तशीच काढावी. शेवटी नोझलकडील पाईपचे नट एक फेरा सैल करून, स्टॉपर आत व ॲक्सिलरेटर पूर्ण ठेवून सेल्फ मारावा. डिझेल आले की सेल्फ थांबवून नट आवळावेत.

या वेळी हात व चेहरा दूर ठेवावा. नोझलचा फवारा कातडीतून आत घुसतो. जखम लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनाचे नट मात्र मुळीच सैल करू नयेत. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराची कडक मानके लागू झाल्यापासून अशी इंजिने वाढली आहेत.

हवा काढूनही ती पुन्हा शिरत असल्यास टाकी ते फीड पंप हा भाग तपासावा. ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे चिरलेला रबरी पाईप किंवा दबलेला वॉशर सहज लक्षात येत नाही.

काय करू नये?

• सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे.

• एअर क्लीनरजवळ पेट्रोलचा बोळा धरू नये किंवा ईथर मारू नये. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात त्यामुळे स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

• ट्रॅक्टर सुरू झाल्यावर टाकीतील औषध चांगले ढवळल्याशिवाय फवारणी सुरू करू नये. ट्रॅक्टर उभा असताना भुकटी स्वरूपातील औषध तळाशी बसते.

कायमची काळजी

कॅनमधील डिझेल एक रात्र स्थिर ठेवून वरचे तेवढेच गाळून भरावे. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी होते. फिल्टर किती तासांनी बदलावा हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळावे. छाटणीपूर्वीच एक जादा फिल्टर, वॉशर, फ्यूज व योग्य मापाचे पाने ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावेत.

एवढी तपासणी करूनही धूर न आल्यास इंजेक्शन पंपाचा दोष संभवतो. तो शेतावर न खोलता जाणकार मेकॅनिककडेच द्यावा व फवारणीसाठी दुसऱ्या पंपाची सोय त्याच दिवशी करावी.