उपग्रहाची तयारी, गावाची तयारी

दळणवळण उपग्रहाच्या उड्डाणाची तयारी सुरू झाली की साऱ्यांचे लक्ष प्रक्षेपणस्थळाकडे लागते. ज्या गावांना त्याची सेवा मिळावयाची, त्यांची तयारी मात्र फारशी मोजली जात नाही. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत अमेरिकन उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. त्यासाठी जाळीच्या तबकड्या, संच आणि दुरुस्तीची व्यवस्था जमिनीवर उभारावी लागली. गुलबर्गा जिल्ह्यातील गावे त्यात होती. सीमेलगतचा मराठवाडा नव्हता.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या ‘जीसॅट-एन२’चे नियोजित आयुष्य १४ वर्षांचे आहे. उपग्रहाची न वापरलेली क्षमता धान्याप्रमाणे कोठारात साठविता येत नाही. गेलेला दिवस वायाच जातो.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या लातूरला आणि गोदावरीचे पूर पाहिलेल्या नांदेडला, तारा तुटल्यावर उपग्रहाच्या दुव्याचे मोल सांगावयास नको. म्हणूनच पुढील उड्डाणापूर्वी कोणत्या आरोग्य केंद्रात व ग्रामपंचायतीत संच, वीज आणि दुरुस्ती करणारा माणूस आहे, याची यादी दोन्ही जिल्ह्यांनी सिद्ध करावी. उलटगणती प्रक्षेपणस्थळी होईल. तिचे फळ मात्र गावातच मोजले जाईल.