सातबारा उतारा आणि जमिनीचा मालकी हक्क : कायदेशीर संरक्षणाचे स्वरूप

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात जमीन हे केवळ उत्पादनाचे साधन नाही. कुटुंबाची प्रतिष्ठा, आर्थिक पत आणि पिढ्यांचे सातत्य या सर्वांचे ते अधिष्ठान आहे. या जमिनीवरील हक्काचे दृश्य रूप म्हणजे सातबारा उतारा होय. पीककर्ज, शासकीय अनुदान, भूसंपादनाचा मोबदला अशा प्रत्येक प्रसंगी हाच उतारा मागितला जात असल्यामुळे ‘सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी’ हे समीकरण लोकमानसात दृढ झाले आहे. तथापि कायद्याची भूमिका याहून भिन्न आहे. सातबारा हा मालकीचा उगम नसून हक्काविषयीच्या माहितीची नोंद आहे. हा भेद लक्षात न आल्यामुळे कोणाची फसवणूक होते, तर कोणी आपला हक्क नाहीसा झाला असे समजून गप्प बसतो. प्रस्तुत लेखात या भेदाचे स्वरूप व त्याचे परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मालमत्तेच्या हक्काचे घटनात्मक स्थान :

भारतीय राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क आरंभी मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(च) व ३१ वगळण्यात आले आणि अनुच्छेद ३००-क समाविष्ट झाला. त्यानुसार कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाही व्यक्तीस तिच्या मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य (२०२०) या प्रकरणात शासनाने १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी कोणतीही भूसंपादन प्रक्रिया न करता जमीन घेतली होती. पुढे शासनाने प्रतिकूल कब्जाचा बचाव घेतला असता, कल्याणकारी राज्याला स्वतःच्याच नागरिकाविरुद्ध असा बचाव घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मूलभूत हक्काचा दर्जा गेला तरी संरक्षण संपले नाही, हे यावरून दिसून येते.

सातबारा व फेरफार : स्वरूप आणि मर्यादा :

दख्खनमधील जमीन मोजणी एकोणिसाव्या शतकात मुख्यतः शेतसारा निश्चित करण्यासाठी झाली. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला. आजची व्यवस्था महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ वर आधारलेली आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही असून दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास ‘सातबारा’ हे नाव पडले.

हक्कात बदल झाल्यावर तलाठी, म्हणजेच आजचा ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकती मागविल्या जातात आणि त्यानंतर नोंद प्रमाणित होते. संहितेच्या कलम १५७ नुसार अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द येथे निर्णायक आहेत. हे गृहीत खंडनीय आहे, अंतिम नाही. सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरफारामुळे मालकी निर्माण होत नाही व संपुष्टातही येत नाही, असे म्हटले. सुरज भान (२००७) प्रकरणातही महसुली नोंदींचा हेतू राजस्वविषयक असल्याचे नमूद झाले. महसूल अधिकारी मालकीचा वाद ठरवीत नाही. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे.

नोंदणीकृत दस्त :

मग मालकी कशाने प्राप्त होते? वारसा, वाटणी, मृत्युपत्र, बक्षीस आणि खरेदी हे तिचे प्रमुख मार्ग होत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. केवळ साठेखताने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र एकत्र करून होणारे व्यवहार मालकी देत नाहीत, हे सुरज लॅम्प (२०११) निवाड्याने स्पष्ट केले.

तथापि नोंदणीलाही मर्यादा आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दस्ताची नोंदणी होते, मालकीची नव्हे. विक्रेत्याजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदारास मिळतो. दुय्यम निबंधक विक्रेत्याच्या मालकीची शहानिशा करीत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून लागू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत नोंदवहीतील नाव हेच मालकीचे निर्णायक प्रमाण असते. भारतात मात्र मालकी कागदपत्रांच्या साखळीवरून अनुमानाने सिद्ध करावी लागते. म्हणूनच व्यवहारापूर्वी साधारणतः तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याची प्रथा पडली आहे.

ताबा आणि मुदत :

मालकीइतकेच महत्त्व ताब्याला आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ नुसार मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत, ताबा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षे आहे. ती उलटल्यास कलम २७ अन्वये मूळ मालकाचा हक्कच नष्ट होतो. याउलट बेकायदेशीरपणे ताबा गेल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास मालकी सिद्ध न करताही ताबा परत मिळू शकतो. ही तरतूद शासनाविरुद्ध मात्र लागू होत नाही. मालकीवरच आक्षेप घेतला गेला असेल तर केवळ मनाई हुकूम मागणे पुरेसे नसते, मालकी जाहीर करून मिळण्याची मागणीही दाव्यात करावी लागते.

नोंदीबाहेर राहिलेले हक्कदार :

या सर्व चर्चेचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते कुटुंबातील दुर्बल घटकांच्या बाबतीत. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागते. धाकटे भाऊ नोंदीबाहेर राहतात आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात वा येतच नाहीत. कालांतराने ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे गळून पडली की थोरला भाऊ एकटाच मालक भासू लागतो.

कायद्याची दृष्टी येथे नोंदीपलीकडे जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीस सहदायकाचा दर्जा दिला. विनीता शर्मा (२०२०) निवाड्यानुसार हा हक्क जन्मजात असून त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी विधिवत झालेली वाटणी वा हस्तांतरण यामुळे बाधित होत नाही. तसेच एका सहहिस्सेदाराचा ताबा सामान्यतः सर्वांच्या वतीने मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना वगळल्याचे सिद्ध झाल्याखेरीज तो प्रतिकूल ठरत नाही. म्हणजेच सातबाऱ्यावर नाव नाही, एवढ्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. परंतु तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केल्यास तो निश्चितपणे जातो. ‘वारस नोंदीसाठी सही लागते’ असे सांगून पुढे केलेला कागद वारस नोंदीचा अर्ज आहे की हक्कसोडपत्र, हे वाचून पाहणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

समारोप :

अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. यामुळे उतारा सुलभ झाला, नोंदीत परस्पर फेरबदल करणेही कठीण झाले. परंतु चुकीची वा अपुरी नोंद संगणकावर गेल्याने बरोबर होत नाही. सातबारा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. तो पुरावा आहे व त्याचे गृहीतमूल्यही मोठे आहे. मात्र मालकीचे खरे संरक्षण सलग दस्त, प्रत्यक्ष ताबा आणि मुदतीत मागितलेली दाद या तिहींच्या आधारावर उभे असते. ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याने निर्धास्त राहू नये आणि ज्याचे नाव नाही त्याने निराश होऊ नये, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय. अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. त्यांना पदवीच्या काळातच आपल्या घरचा सातबारा, फेरफार व खाते उतारा वाचता आला, तर कायद्याचे हे संरक्षण पुस्तकातून घरापर्यंत पोहोचू शकेल.