सायकलींचे शहर : पुण्याच्या रस्त्यांचा आढावा

विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात रोजच्या प्रवासाचे मुख्य साधन सायकल हेच होते. महाविद्यालयातील विद्यार्थी, कचेरीतले कारकून, दूधवाले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार सायकलवरूनच ये-जा करत. ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याला त्यातूनच मिळाले. पुढच्या चार-पाच दशकांत हे चित्र पूर्ण पालटले. सायकल पुणेकरांच्या मनातून उतरण्याआधी रस्त्यावरची तिची जागा गेली होती. शाश्वत वाहतुकीचा विचार करणाऱ्या कोणत्याही भारतीय शहराला पुण्याचा हा अनुभव उपयोगी आहे.

सायकल रुजली कशी

सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये 1885 साली आली. 1888 साली डनलॉपने हवेचा टायर बनवला आणि सायकल सर्वांना चालवता येण्याजोगी झाली. भारतात सुरुवातीला सायकली विलायतेहून येत व त्या पैसेवाल्यांनाच परवडत. स्वातंत्र्याच्या आसपास देशी कारखाने उभे राहिले : मुंबईत हिंद सायकल्स, मद्रासला टीआय, सोनिपतला ॲटलस (1951) आणि लुधियानाला हीरो (1956). त्यानंतर सायकल मध्यमवर्गाच्या आणि कामगारांच्या आवाक्यात आली.

पुण्याची ठेवण तिला अनुकूल होती. मुठेकाठच्या पेठा बऱ्याचशा सपाट आणि एकमेकींना लागून आहेत. पेठांतून डेक्कन जिमखाना, फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालय गाठायला सायकलने वीस मिनिटे पुरेशी होती. हवाही मुंबईसारखी दमट नाही. त्याला पूरक व्यवस्था शहरात आपसूक उभी राहिली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी आणि पंक्चर काढणारी दुकाने चौकाचौकांत होती. शाळा, चित्रपटगृहे आणि कारखान्यांच्या आवारात सायकल स्टँड होते. मुलींच्या शिक्षणाला सायकलने मोठा हातभार लावला. सोबतीची किंवा बसची वाट न पाहता मुलगी शाळा-कॉलेजला जाऊ लागली.

ओहोटीची कारणे

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पूरग्रस्तांसाठी गावठाणाबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखानदारी वाढली. घर आणि काम यांतले अंतर तीन-चार किलोमीटरवरून दहा-पंधरा किलोमीटरवर गेले. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील माहिती तंत्रज्ञान उद्योगांनी ते आणखी ताणले. 2021 साली 23 गावे समाविष्ट झाल्यावर महापालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली.

वाढलेली अंतरे भरून काढायला पुरेशी बससेवा हवी होती. ती नसल्याने लोक स्वतःच्या वाहनाकडे वळले, आणि ती वाहने बनवणाऱ्या कंपन्या पुण्याच्याच होत्या. आकुर्डीच्या बजाज ऑटोची ‘चेतक’ आणि कायनेटिकची ‘लुना’ 1972 च्या सुमारास बाजारात आल्या. 1980 च्या दशकात कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटरसायकली आणि 1991 नंतर सुलभ हप्ते आले. 2018 च्या सुमारास शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेली.

या वाहनांसाठी रस्ते रुंद केले गेले, उड्डाणपूल बांधले गेले, एकेरी मार्ग ठरले. त्याने मोटारींचा वेग वाढला आणि सायकलस्वाराचा धोका वाढला. एकेरी वाहतुकीमुळे त्याला लांबचा वळसा पडू लागला. पालकांनी मुलांना सायकलवर पाठवणे थांबवले आणि शाळांच्या दारात रिक्षा-व्हॅनची गर्दी झाली. सायकलस्वार जितके कमी होत गेले, तितकी मोटारचालकांची त्यांच्याकडे पाहण्याची सवयही गेली. त्यामुळे उरलेल्यांचा धोका आणखी वाढला.

मार्गिकांचे प्रयोग

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा, प्रयोग सुरू झाला. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीतून पुण्यातल्या अनेक रस्त्यांवर पदपथ आणि सायकल मार्गिका बांधण्यात आल्या. पण त्या सलग नव्हत्या. कुठे विजेचा खांब, कुठे झाड, कुठे बसथांबा मध्येच येई. पेव्हर ब्लॉक उखडत, चौक आला की मार्गिका संपे. गरज सर्वाधिक असते ती चौकात, कारण वळणाऱ्या वाहनांची धडक तिथेच बसते. मोकळ्या राहिलेल्या तुकड्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या.

डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली विद्यापीठात आणि औंधमध्ये आल्या. लोकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, त्या हौसेने वापरल्या. पण मोडतोड, चोऱ्या आणि सुरक्षित मार्गांचा अभाव यांमुळे काही वर्षांतच हा उपक्रम आटोपला. रस्ता तयार नसताना नुसती सायकल पुरवून भागत नाही, हे त्यातून दिसले.

इतर शहरांनी काय केले

नेदरलँड्समध्येही 1950-60 च्या दशकांत मोटारींमुळे सायकल मागे पडली होती. 1971 साली तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शेकडो मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. 1973 च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावले. हेग आणि टिलबर्ग येथे सुरुवातीला एकेकटे मार्ग बांधले गेले. डेल्फ्टमध्ये 1980 च्या दशकात संपूर्ण शहराचे जाळे विणले गेले, आणि परिणामासाठी जाळेच लागते हे स्पष्ट झाले. युट्रेख्टच्या रेल्वे स्थानकाखाली आज सुमारे 12,500 सायकलींचा वाहनतळ आहे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचे उदाहरण पुण्याला अधिक जवळचे आहे. तिथे उन्हाळा कडक असतो आणि सायकलची परंपरा जवळपास नव्हती. 2006 नंतरच्या चार वर्षांत तिथे शंभराहून अधिक किलोमीटरचे, कठड्याने वेगळे केलेले, एकमेकांना जोडलेले मार्ग झाले. गाड्यांच्या पार्किंगची जागा त्यासाठी काढून घेतली गेली. सायकलवरच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या.

पुढची दिशा

पुण्याचा विस्तार पाहता सायकल एकटी पुरी पडणार नाही. तिची खरी जागा पाच किलोमीटरच्या आतल्या प्रवासात आणि घरापासून बसथांब्यापर्यंत किंवा मेट्रो स्थानकापर्यंतच्या टप्प्यात आहे. मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर सुरक्षित, स्वस्त सायकल स्टँड हवा. बसगाड्या पुरेशा आणि वेळेवर धावल्या तरच ही जोडी जमते.

मार्गिका बांधताना रंगाच्या पट्ट्यावर न थांबता दुभाजकाने वेगळी केलेली, गुळगुळीत, किमान दोन मीटर रुंद जागा द्यावी लागते. चौकात मार्गिका तशीच पुढे न्यावी, वळणाऱ्या गाड्यांचा वेग कमी होईल अशी रचना करावी. ही जागा बहुतेक रस्त्यांवर पार्किंगमधूनच मिळणार आहे. राजकीय धैर्याची कसोटी तिथेच लागते, कारण फुकट पार्किंग हा हक्क आहे असे वाहनधारक मानत आले आहेत.

पुण्यात सायकल आजही चालते. इमारतींचे रखवालदार, बांधकाम मजूर, पेपर टाकणारी मुले ती रोज चालवतात, कारण पेट्रोल त्यांना परवडत नाही. रविवारी सिंहगडाकडे जाणाऱ्या गिअरच्या सायकलींवर जेवढी चर्चा होते, तेवढी यांच्यावर होत नाही. मार्गिकेची पहिली गरज यांची आहे. त्यांना सुरक्षित जागा मिळाली की तिचा लाभ विद्यार्थ्यांना, ज्येष्ठांना आणि आज नाइलाजाने गाडी काढणाऱ्यांनाही होईल. त्यासाठी आराखड्यातले मार्ग टप्प्याटप्प्याने पण जोडलेले बांधणे, त्यांची देखभाल अंदाजपत्रकात धरणे आणि सायकलस्वारांची दरवर्षी मोजणी करणे ही महापालिकेची नियमित कामे व्हायला हवीत.