परभाषेच्या घरी शिकताना

शिमग्यात पालखी दारी आली, की रत्नागिरीच्या खेड्यांत ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते. ‘गाऱ्हाणे म्हणजे तक्रार’ एवढेच शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला त्यातील प्रार्थना उमगणार नाही. भाषा तिच्या माणसांत राहून शिकावी, या विचारामागील कारण हेच. अमेरिकी विद्यापीठांच्या सहकार्यातून १९६१ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ने याच हेतूने पुण्यात मराठीचे वर्ग चालविले.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यालाही अशी वाट खुली आहे. जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांना जपान सरकारच्या शिष्यवृत्तीतून सुमारे वर्षभर तेथील विद्यापीठात शिकता येते. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानप्रवास यांची तरतूद तीत असते. पदवी मात्र मिळत नाही. ती मूळ विद्यापीठात परतून पूर्ण करावी लागते.

खरी मेख येथेच आहे. परदेशात मिळविलेले श्रेयांक मूळ विद्यापीठाने ग्राह्य धरले नाहीत, तर पदवी लांबू शकते. आंब्याच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाला हा विलंब परवडणारा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार ‘ट्विनिंग’ अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेतून मिळविता येतात. पण त्यासाठी दोन पात्र संस्थांमध्ये करार आवश्यक असतो. सुटा परदेशी अभ्यासक्रम त्यात आपोआप बसत नाही.

म्हणून पारपत्राच्या अर्जाआधी मूळ विद्यापीठाकडून श्रेयांकांबाबतची मान्यता लेखी घेणे हिताचे.