तान्हे बाळ रात्री जागते तेव्हा

तान्हे बाळ रात्री वारंवार उठून रडू लागले की 'आईचे दूध पुरत नाही' असे घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात आणि वरचे दूध किंवा साखरपाणी सुरू होते. हा समज बहुधा चुकीचा असतो.

बाळाचे जठर लहान असते व आईचे दूध लवकर पचते. म्हणून रात्रीही दर दोन-तीन तासांनी भूक लागणे स्वाभाविक होय. दूधनिर्मितीस चालना देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच अधिक स्रवते. वरचे दूध दिल्यास बाळ अंगावर कमी पिते आणि मग दूध खरोखरच आटू लागते.

दूध पुरते की नाही, हे झोपेवरून नव्हे, तर लघवी व वजनावरून ओळखावे. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत ६ किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर काळजीचे कारण नाही. बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले किंवा ताप आला, तर मात्र विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जालना जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. कोपीवर शुद्ध पाण्याची वानवा असते. तेथे बाटलीचे दूध म्हणजे अतिसाराचा धोका. म्हणून पहिले ६ महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको, ही गोष्ट कुटुंबे गाव सोडण्यापूर्वीच पंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविकांनी घरोघरी पोचवावी. पहाटेपासून फडात राबणाऱ्या मातेस पोटभर अन्न व घरच्यांचा हातभार मिळाला, तर रात्रीची जाग तिला सुसह्य होईल.